थेरींचा वारसा आणि दोन मराठी स्वकथने

दलित स्त्रियांची मराठी स्वकथने आणि पाली वाङ्मयातील थेरीगाथा ह्यांची तुलना करण्याचा मोह सहज होण्याजोगा आहे. दोन्हींत स्त्रिया स्वतःविषयी बोलतात. दोन्हींत चूल, उखळ-मुसळ आणि नवरा ह्यांच्या काचाची हकीकत येते. आणि दोन्हींत कोठे ना कोठे भगवान बुद्धाचे नाव आदराने उच्चारिले जाते. एवढ्या साम्यावर 'आधुनिक थेरीगाथा' असे बिरूद लावून मोकळे होणे सोपे असते. परंतु बिरुदाने ग्रंथाचे परीक्षण होत नाही. पुष्कळदा ते टळते मात्र. म्हणून हे साम्य कितपत खरे आहे, हे एकाच मुलखाशी निगडित अशा दोन ग्रंथांवर पारखून पाहणे उचित होईल. बेबी कांबळे ह्यांचे 'जिणं आमुचं' हे सातारा जिल्ह्यातील फलटण येथे लिहिले गेले. शांताबाई कांबळे ह्यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा' ह्या पुस्तकाच्या लेखिकेच्या नोकरीचा उत्तरकाळ सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याशी जोडलेला आहे. दोन्ही १९८६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

सातारा आणि सांगली हे जिल्हे मुळात निराळे नव्हते. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा निघाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. फलटण आणि जत ही दोन्ही गावे १९४८ पर्यंत संस्थानी राजधान्या होत्या. ह्या मुलखातील बहुजनांच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना काही गोष्टी हटकून सांगितल्या जातात. खंडाळा तालुक्यातील नायगाव येथे १८३१ साली सावित्रीबाई फुले जन्मल्या. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली ती साताऱ्यास आणिली. ह्या गोष्टींचा अभिमान योग्यच आहे. तथापि त्यांत एक उणीव आहे, तिकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. सावित्रीबाई जन्मल्या येथे, पण त्यांची शाळा भरली ती पुण्यात. साताऱ्याच्या शाळेचा विद्यार्थी मुलगा होता; त्याची आई भीमाबाई हिची समाधी साताऱ्यास आहे. रयतेच्या वसतिगृहाच्या कथेत स्त्री येते ती भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांच्या रूपाने, मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही देणारी. म्हणजे स्त्री ह्या इतिहासात जन्मदात्री आहे, माता आहे, दायिका आहे. विद्यार्थिनी म्हणून ती दिसत नाही.

ही स्थिती नवी नाही. सह्याद्रीतील बौद्ध लेण्यांच्या दानलेखांतही स्त्री मुख्यतः दायिका म्हणूनच आढळते: कोणाची तरी पत्नी, कोणाची तरी कन्या, कोणाची तरी माता, आणि तिने दिलेली पाण्याची पोढी अथवा लेणे. मात्र तेथे अपवाद आहेत आणि ते मोलाचे आहेत. जुन्नरच्या एका लेखात नगरातील धम्मुत्तरीयांच्या भिक्षुणी-उपाश्रयाचा उल्लेख आहे. कुडा येथील एका लेखात एका प्रव्रजित स्त्रीने आपल्या अंतेवासिनींसह दिलेल्या लेण्याची नोंद आहे. अंतेवासिनी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारी. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत कोकणच्या किनाऱ्यावर एक स्त्री गुरू होती व दुसऱ्या स्त्रिया तिच्यापाशी शिकत होत्या, एवढी माहिती त्या एका शब्दात साठलेली आहे. प्रस्तुत विवेचनाचे सूत्र ह्या शब्दातच सापडते.

थेरीगाथा हा सुत्तपिटकाच्या खुद्दकनिकायातील ग्रंथ. त्यात त्र्याहत्तर प्रकरणांत भिक्षुणींची वचने संगृहीत आहेत. ह्या वचनांचा विशेष असा की त्यांतील 'मी' घर सोडल्यानंतरची आहे. मुत्तेला आपण तीन वाकड्या वस्तूंपासून सुटलो ह्याचा आनंद आहे. उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा ह्या त्या तीन वस्तू. पण हा आनंद तिला बोलून दाखविता येतो तो तिने प्रव्रज्या घेतली म्हणून. घरात राहिलेल्या मुत्तेचा शब्द आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही. पुण्णिका ही पाणी वाहणारी दासी थंडीत नदीवर स्नान करणाऱ्या ब्राह्मणाला विचारते की पाण्याने पाप धुतले जात असेल तर बेडूक-कासवांना स्वर्ग का मिळू नये. पण हा प्रसंगही सांगितला जातो तो थेरी झालेल्या पुण्णिकेच्या मुखातून. स्त्रीचा शब्द आणि गृहत्याग ह्यांची येथे अतूट सांगड आहे.

ह्या सांगडीचा अर्थ डॉ. आंबेडकरांनी फार नेमका लावला. 'हिंदू स्त्रियांची उन्नती आणि अवनती' ह्या १९५१ साली कलकत्त्याच्या 'महाबोधी' मासिकात आलेल्या लेखात त्यांनी प्रव्रज्येच्या अधिकाराकडे ज्ञानाचा अधिकार म्हणून पाहिले. वेदाध्ययन स्त्रीला निषिद्ध होते. भिक्षुणीसंघाची स्थापना करून बुद्धाने तिला अध्ययनाचे व आत्मोन्नतीचे द्वार मोकळे केले, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. महापरिनिब्बाणसुत्तातील स्त्रियांविषयीचा आनंदाचा प्रश्न व त्याचे उत्तर हा भाग प्रक्षिप्त ठरविताना त्यांनी इतर सुत्तांतील वर्तनाशी त्याचा मेळ बसत नाही हे दाखविले. ही पद्धती पाठचिकित्सेची आहे, भक्ताची नव्हे. मात्र महाप्रजापती गौतमीवर घातलेल्या आठ गुरुधर्मांचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण तितके समाधानकारक नाही. भिक्षुणीसंघ नवा होता, त्यास शिक्षणाची गरज होती, म्हणून तो भिक्षूंच्या देखरेखीखाली ठेविला, हे उपदेश व शिक्षण ह्यांविषयीच्या नियमांना लागू पडेल. परंतु पहिलाच नियम असा की शंभर वर्षे उपसंपदा झालेल्या भिक्षुणीने आजच उपसंपदा घेतलेल्या भिक्षूसही वंदन करावे. येथे शिकाऊ कोण आणि जाणता कोण हे उघड आहे. आणि नियम नेमका उलट दिशेने नमस्कार करावयास सांगतो. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ह्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही ते नियम राहिले आहेत; स्त्री कोणत्याही अर्थी हीन नाही असे तथागताच्या तोंडी स्पष्ट घालूनही राहिले आहेत. अभ्यासकाने ह्या जागी डोळेझाक करण्याचे कारण नाही.

दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. मज्झिमनिकायातील चूळवेदल्लसुत्तात धम्मदिन्ना आपल्या पूर्वाश्रमीच्या पतीच्या, उपासक विशाखाच्या, प्रश्नांना उत्तरे देते आणि बुद्ध त्या उत्तरांवर आपली संमती देतो. अंगुत्तरनिकायात धर्मोपदेश करणाऱ्या भिक्षुणींत धम्मदिन्ना आणि विनय जाणणाऱ्यांत पटाचारा अग्रगण्य म्हणून सांगितल्या आहेत. पटाचारेच्या शिष्यिणींची वचने थेरीगाथेत स्वतंत्र आहेत. म्हणजे नियमांत भिक्षुणी खाली बसलेली, आणि प्रत्यक्ष अध्यापनात मात्र ती आसनावर. हा अंतर्विरोध पाली वाङ्मयाने लपविलेला नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे जे धर्मांतर झाले त्याने ह्या प्रश्नाचे स्वरूपच पालटले. ही दीक्षा गृहस्थांची होती. पांढरी वस्त्रे नेसून आलेल्या स्त्रियांनी घर सोडले नाही. त्या मुलाबाळांसह आल्या व मुलाबाळांसह परत गेल्या. प्रव्रज्येतून मिळणारा ज्ञानाचा अधिकार त्यांना त्या वाटेने मिळावयाचा नव्हता. मग तो कोठून मिळावयाचा? ह्याचे उत्तर आंबेडकरी चळवळीने एका शब्दात दिले होते, आणि तेही धर्मांतराच्या पुष्कळ आधी: शाळा. १९२७ सालच्या महाड येथील स्त्रियांपुढील भाषणापासून २० जुलै १९४२ रोजी नागपुरास भरलेल्या दलित स्त्रियांच्या परिषदेपर्यंत मुलींच्या शिक्षणाचा विषय सतत येतो. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून ह्यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' ह्या १९८९ सालच्या ग्रंथात ज्या स्त्रियांच्या हकिकती जमविल्या त्यांतही हेच दिसते. तेव्हा नवबौद्ध स्त्रीच्या स्वकथनात धम्म शोधावयाचा तर तो वंदनेच्या वर्णनात जितका शोधावा तितकाच शाळेच्या वर्णनात शोधला पाहिजे.

'जिणं आमुचं' प्रथम 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले. बेबी कांबळे ह्यांचा जन्म १९२९ सालचा. बालपण पुरंदर तालुक्यातील वीरगाव ह्या आजोळच्या गावी गेले, आणि पुढचे आयुष्य फलटणास. शिक्षण चौथीपर्यंत, तेराव्या वर्षी लग्न. नवऱ्याबरोबर लहानसे दुकान चालविताना माल बांधावयाच्या रद्दीतील छापील कागद त्या वाचीत आणि दुकानात बसूनच, घरच्यांच्या नकळत, लिहीत. ते लिखाण कित्येक वर्षे लपवून ठेविलेले होते. फलटणमधील भाषाभ्यासक मॅक्सिन बर्नसन ह्यांच्या प्रोत्साहनाने ते बाहेर आले. पुढे लेखिकेने फलटणजवळ मुलांसाठी आश्रमशाळा काढली व चालविली. २०१२ साली त्या निवर्तल्या.

ग्रंथाचा पूर्वार्ध मराठी गद्यात दुर्मीळ म्हणावा असा आहे. आषाढ महिन्यातील वीरगावच्या महारवाड्याचे वर्णन घ्यावे: घरे सारवणे, तेलाचे न्हाणे, अंगात येणाऱ्या बाया, रेड्याचा बळी, देवाला सोडलेला पोरगा पोतराज होणे. हे वर्णन बाहेरून केलेले नाही. लेखिकेला ह्या सर्वांचा तिटकारा आहे आणि तरीही त्यातला उत्साह, त्यातला विनोद, भुकेल्या वस्तीला वर्षातून एकदा लाभणारे पोटभर अन्न, हे सर्व तिच्या लेखणीतून जिवंत उतरते. लाकडाची मोळी विकणाऱ्या बाईला गिऱ्हाईक घरी बजावते की मोळीत तुझा एखादा केस किंवा लुगड्याचा धागा राहिला तर घर विटाळेल. बाई मोळी उकलून एकेक लाकूड चाचपते. असा प्रसंग वाचल्यावर अस्पृश्यतेवरील सिद्धान्तपर निबंधाची गरज उरत नाही. त्याहूनही धीट आहे ते सासुरवासाचे प्रकरण. पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात लाकडी खोडा घातला जातो; तिचे नाक कापण्यापर्यंत मजल जाते. ज्याला स्वतःच गुलाम म्हणून जगावे लागते त्यालाही कोणीतरी गुलाम हवा असतो व तो त्याला सुनेत सापडतो, हा लेखिकेचा निष्कर्ष आपल्याच समाजावर ओढलेला आहे. स्वतःच्या घराविषयीही ती गप्प राहत नाही. वडील उदार, पण आईला त्यांनी पिंजऱ्यातल्या पाखरासारखी चार भिंतींत ठेविली. आणि ही कोंडी त्या काळी प्रतिष्ठेची खूण मानली जात होती, हेही ती नोंदविते. उच्चवर्णीयांच्या अनुकरणाने आलेली इभ्रत स्त्रीला आणखी बांधते, ही गोष्ट समाजशास्त्राने पुढे सविस्तर मांडली. येथे ती आईच्या चेहऱ्यावर वाचलेली आहे.

उत्तरार्धात आंबेडकर येतात. जेजुरीच्या भाषणात त्यांनी मुलांना शाळेत घालण्यास, मेलेल्या ढोरांचे मांस सोडण्यास, देवांच्या नावाने चाललेला अनर्थ थांबविण्यास सांगितले आणि स्त्रियांनी ते प्रथम उचलले, असे लेखिका सांगते. ह्या पुढाकाराचे वर्णन ग्रंथाचा मध्यबिंदू आहे. परंतु त्यानंतर भाषा बदलते. पूर्वार्धातील नजर प्रत्येक मडके, प्रत्येक चिंधी पाहत होती. उत्तरार्धातील नजर वर लागलेली आहे. बाबासाहेब सूर्य होतात, तेज होतात; वाक्ये स्तोत्राच्या लयीत चालू लागतात. कृतज्ञतेचे हे रूप समजण्यासारखे असले तरी वाङ्मयदृष्ट्या त्याचा परिणाम असा की जुना धर्म वाचकाला आतून दिसतो आणि नवा धम्म केवळ घोषित होतो. आषाढाच्या वर्णनाच्या तोडीचे, धम्म स्वीकारल्यानंतरच्या एखाद्या साध्या दिवसाचे वर्णन ग्रंथात नाही. देव्हाऱ्यातून देव गेल्यावर त्या कोनाड्यात काय आले, बायकांनी उपवासांच्या दिवशी काय केले, लग्नात कोण काय म्हणाले, हे कळते तर धम्मातील स्त्रीच्या भूमिकेवर फार मोठा प्रकाश पडला असता.

अपवाद आहे तो शाळेच्या भागाचा. फलटणच्या मुलींच्या शाळेत महारांच्या थोड्या मुली वर्गाच्या कोपऱ्यात बसविल्या जातात. इतर मुली नाके मुरडतात. ह्या मुलीही गप्प बसत नाहीत, भांडतात, अंगावर जातात. येथे लेखिकेची पूर्वीची नजर परत येते. आंबेडकरांवरील श्रद्धा ह्या पानांत स्तोत्रातून दिसत नाही, कोपऱ्यात बसूनही शाळा न सोडण्याच्या हट्टातून दिसते. ग्रंथातील धम्माचे सर्वांत विश्वसनीय पान कोणते, असे विचारले तर ह्याच पानांकडे बोट दाखवावे लागेल.

तथापि ह्या ग्रंथातील एका मौनाचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. सासुरवासावर इतके निर्भयपणे लिहिणारी ही लेखिका आपल्या संसाराविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. माया पंडित ह्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ साली निघाला. त्यास जोडलेल्या मुलाखतीत लेखिकेने पतीच्या संशयाची व मारहाणीची हकीकत सांगितली आहे. मूळ कथनात तिचा उच्चार नाही. हे मौन अप्रामाणिकपणाचे मानणे अन्यायाचे होईल. ग्रंथाच्या नावातच त्याचे कारण आहे: हे 'माझे' जिणे नाही, 'आमुचे' आहे. समाजाची कथा सांगण्याचे व्रत घेतल्यावर स्वतःचे दुःख समाजाच्या दुःखात विरवून टाकणे क्रमप्राप्त होते, आणि उपहासास टपलेल्या वाचकांपुढे आपल्या घरातील पुरुषाला उभे न करण्याची दक्षताही त्यात असावी. शर्मिला रेगे ह्यांनी २००६ सालच्या आपल्या ग्रंथात ह्या स्वकथनांना समूहाची साक्ष म्हणून वाचण्याची जी दिशा दाखविली ती येथे उपयुक्त आहे. पण साक्ष म्हणून वाचताना साक्षीदाराने काय सांगितले नाही हेही विचारावे लागते. थेरीगाथेतील मुत्ता नवऱ्याचे नाव घेऊ शकते, कारण तिला त्या घरी परत जावयाचे नाही. फलटणच्या लेखिकेला त्याच घरात, त्याच दुकानात बसून लिहावयाचे होते, तेही लपून. तुलनेचे बिरूद येथे गळून पडते.

'माज्या जल्माची चित्तरकथा' ही निराळ्या घडणीची आहे. शांताबाई कांबळे ह्यांचा जन्म १९२३ साली सोलापूर जिल्ह्यातील महूद येथे झाला. १९४२ साली त्या सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाल्या; पुढे पुण्यास दोन वर्षांचे प्रशिक्षण पुरे केले; नंतर जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून काम केले आणि १९८१ साली निवृत्त झाल्या. 'दलित पँथर'चे एक प्रवर्तक अरुण कांबळे हे त्यांचे पुत्र. त्यांचा जन्म १९५३ साली आटपाडीजवळील करगणी येथला. मुंबई दूरदर्शनने ह्या पुस्तकावर मालिका केली तेव्हा ते घरोघर पोहोचले. शांताबाईंचे निधन २०२३ साली झाले.

ह्या पुस्तकात स्तोत्र नाही. वाक्ये आखूड, सरळ, कोरडी म्हणावी इतकी साधी. नाजा नावाच्या मुलीची ही कथा भुकेपासून आरंभते आणि पाटीपाशी येते. मैत्रिणीला शाळेत न्यावयास नाजा तिच्या घरी जाते तेव्हा दारातल्या रांगोळीपासून लांब उभी राहा, असे तिला सांगण्यात येते. प्रसंग एवढाच, लेखिका त्यावर भाष्य करीत नाही. धम्मविचारालाही ह्या पुस्तकात मध्यवर्ती स्थान नाही. शिकणे, परीक्षा पास होणे, नोकरी लागणे, मुले वाढविणे, ह्या क्रमाने आयुष्य पुढे जाते. वरवर वाचणाऱ्यास हे एका नोकरदार बाईचे रोजनामे वाटावेत.

आणि तरीही थेरींच्या कथेशी ह्या पुस्तकाचेच नाते जवळचे आहे. पतीने दुसरी पत्नी केल्यावर नाजा ते घर सोडते. थेरीगाथेतील कित्येक स्त्रियांप्रमाणे तीही अपमान होऊन उंबरठ्याबाहेर पडते. मात्र तिच्यापुढे विहार नाही. तिच्यापुढे आहे ती सातवीच्या परीक्षेमुळे मिळू शकणारी शिक्षिकेची जागा. भिक्षुणीला विहाराने जे दिले, म्हणजे पतीवाचून जगण्याची सोय, इतर स्त्रियांची सोबत आणि विद्येमुळे मिळणारा मान, ते नाजाला शाळेने दिले, निदान त्यातील बरेच दिले. पुढे तिचा संसारही चालू राहिला. परंतु एकदा उंबरठा ओलांडून स्वतःच्या पगारावर उभी राहिलेली स्त्री ज्या अटीवर संसार करते ती अट आणि जन्मभर त्यातच राहिलेल्या स्त्रीची अट एक नसते. 'जिणं आमुचं'मध्ये जे सांगता आले नाही ते 'चित्तरकथे'त सांगता आले ह्याचे कारण लेखिकांच्या धैर्यात शोधण्यापेक्षा त्यांच्या हाती असलेल्या पगारात शोधावे.

येथे एक आक्षेप संभवतो. मासिक वेतनाच्या हकीकतीत धम्म पाहणे ही ओढाताण नव्हे काय? ज्ञानाचा अधिकार हाच भिक्षुणीसंघाचा अर्थ, ही आंबेडकरांची भूमिका मान्य असेल तर तो आक्षेप टिकत नाही. उलट 'चित्तरकथे'तील एका तपशिलाला पाली वाङ्मयाच्या पार्श्वभूमीवर वेगळेच वजन येते. जत तालुका अवर्षणाचा, विजापूरच्या सीमेचा, अर्धा कानडी. त्या तालुक्यात विस्तार अधिकारी म्हणून शाळा तपासणे म्हणजे जुन्या नव्या, सर्व जातींच्या शिक्षकांचे काम पाहणे आणि त्यावर शेरा लिहिणे. हे शिक्षक बहुसंख्येने पुरुषच असणार. दारातल्या रांगोळीपासून लांब उभी केलेली मुलगी शिक्षकाच्या वर्गात तपासणीसाठी शिरते व तो उठून उभा राहतो. गुरुधर्मांतील पहिल्या नियमाचा नमस्कार येथे दिशा बदलतो. पुस्तक ह्याचा गाजावाजा करीत नाही. शेरेबुकाच्या सवयीने नोंद करून पुढे जाते.

मग 'जिणं आमुचं'ची जागा पाली परंपरेत कोठे? मुत्तेजवळ नाही, पुण्णिकेजवळही नाही; ती गौतमीजवळ आहे. कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत केस कापून, पाय सुजेतो चालत आलेली महाप्रजापती एकटी नव्हती; तिच्याबरोबर शाक्य स्त्रियांचा समुदाय होता आणि तिचे मागणे सर्वांसाठी होते. विनयपिटकाच्या चुल्लवग्गातील ह्या कथेत गौतमीच्या खासगी दुःखाला जागा नाही. दाराशी उभा असलेला समुदाय आणि आत जाण्याचा हक्क, एवढेच तेथे आहे. जेजुरीच्या सभेनंतर पुढे आलेल्या बायका ह्या त्याच दाराशी आहेत. फरक इतकाच की गौतमीला आनंदाची मध्यस्थी लागली आणि जेजुरीस बोलावणे आतूनच आले. 'आमुचं' ह्या सर्वनामाने ग्रंथातील मौनाचा जसा खुलासा होतो तसा ह्या नात्याचाही होतो. प्रचलित समीक्षेत 'जिणं आमुचं'ला मिळालेले अग्रस्थान आणि 'चित्तरकथे'कडे साधे कथन म्हणून झालेले काहीसे दुर्लक्ष हे म्हणूनच न्याय्य वाटत नाही. एकीत मागणी आहे, दुसरीत त्या मागणीचा उपभोग आणि त्याची किंमत. पहिली वाचून दुसरी न वाचणे म्हणजे चुल्लवग्ग वाचून थेरीगाथा मिटून ठेवण्यासारखे आहे.

मराठीतील दलित स्त्रीच्या गद्याचा आरंभच शाळेत झाला, हे ह्या संदर्भात विसरता येत नाही. मुक्ता ह्या मांग मुलीने फुले ह्यांच्या शाळेत असताना लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त आला. पुढे कुमुद पावडे ह्यांचे 'अंतःस्फोट' १९८१ साली निघाले. त्यातील संघर्ष संस्कृतच्या अध्ययनाचा व अध्यापनाचा, म्हणजे पुन्हा शाळेचाच. ह्या परंपरेत गुरूचे स्थान प्रायः पुरुषाकडे आहे. कुडाच्या लेखातील प्रव्रजितेसारखी स्त्री गुरू आणि तिच्या अंतेवासिनी हे चित्र स्वकथनांत फार कमी ठिकाणी उमटते. 'जिणं आमुचं'च्या लेखिकेने आश्रमशाळा काढली, पण ती ग्रंथाबाहेर राहिली. 'चित्तरकथे'ची लेखिका जन्मभर शिकवीत होती, पण तिच्या विद्यार्थिनी काय झाल्या हे तिनेही विस्ताराने सांगितले नाही. शिकण्याची कथा लिहिली गेली. शिकविण्याची कथा लिहिण्याइतकी ती ह्या स्त्रियांना विशेष वाटली नसावी.

दोन्ही पुस्तकांच्या नावांतील भाषेकडे मात्र अधिक लक्ष जावयास हवे होते. चौथीपर्यंत शिकलेल्या, रद्दीच्या कागदांवर वाचनाची भूक भागविणाऱ्या लेखिकेने 'आमुचं' हे रूप निवडले. ते बोलीतल्या 'आमचं'पेक्षा कवितेत आणि अभंगांत अधिक वावरणारे आहे. जिने आयुष्यभर क्रमिक पुस्तकांतील प्रमाण मराठी शिकविली, मुलांच्या पाट्यांवरचे 'माज्या' खोडून 'माझ्या' करून दिले असेल, इतर शिक्षकांचे पाठ तपासले, तिने मुखपृष्ठावर 'माज्या जल्माची' असे छापून घेतले.